भाचीला, रूटचा पासवर्ड मिळाल्यावर

काल रात्री फोनवर तू फार खुशीत होतीस. नव्या नोकरीचा तिसराच दिवस, आणि साहेबांनी सगळ्या सर्व्हर्सचा रूटचा पासवर्ड तुला मेसेजवर पाठवून दिला. ‘मामा, केवढा विश्वास टाकला बघ माझ्यावर,’ म्हणालीस. मी हं हं करून फोन ठेवला, पण झोप काही लागेना. अगं, याला विश्वास म्हणत नाहीत, कंटाळा म्हणतात. तुझ्या नावाचं खातं काढायचं, तुला नेमकं काय काय करावं लागेल ते ठरवायचं आणि तेवढीच मुभा लिहून द्यायची, याला अर्धा तास लागला असता. तो वाचवला. तो पासवर्ड ठाऊक असणारी सात माणसं आधीच होती, आता आठवी तू. काही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला आहे : नवीन कोण आलंय?

म्हणून हे लिहितोय. आज्ञा शिकवत नाही, मॅन पेज तू माझ्यापेक्षा भरभर वाचतेस. हे सगळं हात पोळून शिकलेलं आहे.

नव्वदच्या दशकात मी एका सहकारी बँकेच्या शाखेत मशीनची देखभाल करायला जायचो. एससीओ युनिक्सचं एक मशीन आणि त्याला जोडलेली आठ डंब टर्मिनल्स. रूटचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला असायचा. मॅनेजर, अकाउंटंट, दोन ऑपरेटर, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आणि मी, अशा सहा जणांना तो ठाऊक होता. एका महिनाअखेरीला व्याजाच्या हिशेबाच्या फाइली गायब झाल्या. नोंदी काढून पाहिल्या. रूट, रूट, पुन्हा रूट. सहाही जण तेच नाव घेऊन आत यायचे, तर मशीन तरी दुसरं काय सांगणार? संशय सगळ्यात धाकट्या ऑपरेटरवर गेला. त्या संध्याकाळी शेवटचा तोच बसला होता. तक्रार वर गेली, शेरा बसला आणि पोरगा आडगावच्या शाखेत गेला. त्याच्याविरुद्ध मीही मान डोलावली होती. पुढे पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी क्रॉनच्या याद्या चाळत होतो. तिथे इंजिनिअरनं लावून ठेवलेली साफसफाईची स्क्रिप्ट सापडली. महिन्याच्या शेवटच्या रात्री एका डिरेक्टरीतल्या जुन्या फाइली पुसायची, रूटच्याच नावानं. त्या मुलाला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून मला रूटचा पासवर्ड कुणी आपणहून देऊ केला की नको वाटतं. तूही सोमवारी साहेबांना गोड बोलून सांग, ‘सर, माझ्या नावाचं खातं द्या आणि त्यावर सुडो द्या. तो पासवर्ड बदला, मला नवा कळवू नका.’ ते हसतील. हसू दे.

तो पासवर्ड मग ठेवायचा कुठे, असं कुणीतरी विचारेलच. कारण मशीन बूटच होईना किंवा सुडोच बिघडला, तर तो पासवर्ड लागतो. जुनी रीत अशी : लांबलचक पासवर्ड कागदावर लिहायचा, पाकीट चिकटवून जोडावर दोघांनी सही करायची आणि ते तिजोरीत ठेवायचं. पाकीट फोडलं की कारण लिहायचं, काम झाल्यावर पासवर्ड बदलायचा, नवं पाकीट. आता त्यासाठी पासवर्ड व्हॉल्टची सॉफ्टवेअर आहेत, पण आतली युक्ती तीच. आणि एसएसएचवरून थेट रूटनं येणं बंद. पर्मिट रूट लॉगिनपुढे ‘नो’. यावर वाद घालू नकोस, करून टाक.

आता थोडं मुळाकडे. युनिक्सच्या कर्नलला ‘रूट’ हे नाव कळतच नाही. त्याला कळतो आकडा. एट्सीमधली पासवर्ड फाइल उघड. प्रत्येक ओळीत कोलननं तोडलेले सात रकाने दिसतील आणि तिसऱ्यात असतो युजर आयडी. तिथे शून्य असेल तर तो मालक, नाव काहीही असो. बीएसडीवर ‘टूर’ नावाचं शून्य क्रमांकाचं दुसरं खातं पूर्वीपासून असतं, रूट उलटं वाचलं की होतं ते. ते ठाऊक असलेलं आहे. भीती असते ती ठाऊक नसलेल्या शून्याची. नवं मशीन ताब्यात आलं की चहाच्याही आधी तिसऱ्या रकान्यात शून्य असलेल्या ओळी काढायच्या. मला एकदा ‘बॅकअप’सारख्या साळसूद नावाखाली शून्य सापडलं होतं. आधीच्या ॲडमिननं सोयीसाठी केलं होतं म्हणे. स्वतः निघून गेला, सोय ठेवून गेला.

ही शून्याची एकाधिकारशाही सुरुवातीपासूनच अडचणीची होती, आणि तिच्यावरचा पहिला उतारा डेनिस रिचीनं काढला. सेट-यूआयडी बिट. फाइलवर ही खूण असली की ती चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलच्या मालकाच्या अधिकारानं चालते. तू स्वतःचा पासवर्ड बदलतेस तेव्हा हेच होतं. शॅडो फाइलला हात लावायची तुला मुळीच परवानगी नाही, पण पासवर्ड बदलणारी आज्ञा रूटची आहे आणि तिच्यावर ही खूण आहे; ती तुझ्यासाठी आत जाते, तुझ्यापुरतीच ओळ बदलते आणि बाहेर येते. मर्यादित अधिकार म्हणजे काय याचं इतकं नेटकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. या कल्पनेचं अमेरिकन पेटंट रिचीच्या नावावर 1979 मध्ये निघालं आणि ती पुढे सगळ्यांसाठी खुली केली गेली. मात्र हे औषध जपून घ्यायचं. महिन्यातून एकदा चार हजारची परमिशन असलेल्या सगळ्या फाइली शोधून काढ आणि मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून बघ. एखादी नवी दिसली तर ती कुठून आली हे कळेपर्यंत घरी जाऊ नकोस.

सुडोचा जन्म 1980 च्या आसपासचा. बफेलोच्या विद्यापीठात, संगणकशास्त्राच्या विभागात, व्हॅक्स मशीनवर बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. नव्वदच्या दशकापासून टॉड मिलर सांभाळतो आहे. कुणी ‘सूडू’ म्हणतं, कुणी ‘सुडो’. मराठी कानाला दोन्हीत सूड ऐकू येतो, आणि चुकीचा लिहिला तर तो खरंच उगवतो. त्याचं सगळं मोठेपण दोन गोष्टींत आहे. एक, तो रूटचा नव्हे, तुझाच पासवर्ड विचारतो. दोन, कुणी, कधी, कुठल्या टर्मिनलवरून, काय चालवलं हे लिहून ठेवतो. उबुंटूवर ऑथ लॉगमध्ये, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर लॉगमध्ये. त्या बँकेत हे असतं तर तो पोरगा आडगावी गेला नसता.

पण ही दुसरी गोष्ट ऑफिसातली माणसं रोज सकाळी मोडतात. आल्या आल्या टाइप करतात ‘सुडो एसयू’ आणि दिवसभर रूट होऊन बसतात. लॉगमध्ये एकच ओळ पडते : अमक्यानं नऊ वाजून चार मिनिटांनी रूटचं शेल घेतलं. पुढे संध्याकाळपर्यंत काय केलं याची नोंद सुडोजवळ नसते. तू प्रत्येक आज्ञेआधी सुडो लिहायची सवय लाव. कंटाळवाणं आहे, पण त्या चार अक्षरांत बोटं क्षणभर थांबतात, आणि तेवढ्यात माझ्या कितीतरी चुका टळल्या आहेत. एकदा पासवर्ड दिला की काही मिनिटं तो परत विचारला जात नाही; मुळात पाच, उबुंटूनं पंधरा केली आहेत. जागेवरून उठताना ‘सुडो, डॅश, के’ मारून ती मुदत मोडायची आणि स्क्रीनही लॉक करायची. शिवाय लॉग त्याच मशीनवर एकटे ठेवू नकोस, दुसऱ्या मशीनकडे जाऊ देत. ज्याच्या हातात रूट आहे त्याच्याच घरात त्याच्या हालचालींची वही ठेवण्यात काय अर्थ?

आता सुडोअर्स फाइल. इथे जरा रमतो, कारण माझी निम्मी नोकरी हिच्यात गेली.

ती कधीही साध्या एडिटरनं उघडायची नाही, व्हिसुडोनंच. तो फाइल अडवून ठेवतो, म्हणजे एका वेळी दोघं लिहीत नाहीत, आणि जतन करण्याआधी व्याकरण तपासतो. अलीकडच्या आवृत्त्या चुकलेली ओळ सोडून पुढे जातात, पण जुन्या मशीनवर एका स्वल्पविरामापायी सुडो सगळ्यांसाठी बंद पडतो. मग रूटचं पाकीट फोडायला तिजोरीकडे पळा. म्हणून ही फाइल बदलताना दुसऱ्या खिडकीत रूटचं एक शेल उघडं ठेवायचं आणि तिसऱ्या खिडकीत नव्यानं लॉगिन करून सगळं चालतंय हे बघेपर्यंत ते बंद करायचं नाही.

एक ओळ कशी वाचायची? डावीकडे कोण, मग कुठल्या मशीनवर, मग कंसात कुणाच्या नावानं आणि शेवटी कोणती आज्ञा. चारही ठिकाणी ‘ऑल’ लिहिलं की ओळ पूर्ण होते आणि तू निरुपयोगी होतेस. समज वेबवाल्या टीमला त्यांचा एनजिनएक्स रीस्टार्ट करायचा आहे. तर डावीकडे त्यांच्या गटाचं नाव, मग ते एकच मशीन, कंसात रूट, आणि शेवटी सिस्टिमसीटीएल या आज्ञेचा पूर्ण पत्ता, त्यापुढे ‘रीस्टार्ट’, त्यापुढे ‘एनजिनएक्स’. बस्स. स्टॉप हवं असेल तर मागायला येतील, तेव्हा बोलू. आणि कंसात नेहमी रूटच लागतो असं नाही, हे लोक विसरतात. डेटाबेसवाल्यांना पोस्टग्रेसच्या नावानं काम करायचं असतं, तर कंसात पोस्टग्रेस लिही. त्यांनी चूक केली तर फार तर डेटाबेस बसेल, मशीन उभं राहील.

यातले खड्डे सांगतो. पहिल्यात मी स्वतः पडलोय. एका माणसाला मी फक्त लॉग वाचायची परवानगी दिली होती, लेसनं. लेसमध्ये उद्गारचिन्ह दाबून आज्ञा दिली की ती लेसच्या अधिकारात चालते, म्हणजे रूटच्या. त्या माणसानंच मला हसत हसत दाखवलं, म्हणून वाचलो. व्हीआयचं तेच, फाइंडचं तेच, ऑकचं तेच. सेवेची अवस्था बघायची आज्ञाही निकाल पेजरमध्ये उघडून देते, आणि जुन्या मशीनवर त्या पेजरमधून बाहेर उडी मारता येते. फाइल संपादित करू द्यायची असेल तर एडिटर देऊ नकोस, सुडोएडिट दे. तो फाइलची प्रत काढतो, माणूस ती आपल्याच अधिकारात बदलतो आणि सुडो ती परत जागेवर ठेवतो.

दुसरा खड्डा तारांकनाचा. ‘कॅट’ आज्ञेपुढे मेसेजेस लॉगचा पत्ता लिहून शेवटी तारा टाकला, म्हणजे जुने फिरवलेले लॉगही वाचता येतील, असं तुला वाटेल. पण आज्ञेच्या पुढच्या भागात तारा रिकाम्या जागेलाही जुळतो. मग माणूस मेसेजेस लिहून एक जागा सोडतो आणि पुढे शॅडो फाइलचा पत्ता देतो. सुडो म्हणतो, जुळलं. तारा दिसला की हात आखडता घे.

तिसरा म्हणजे वगळण्याचा मोह. ‘सगळं चालेल, फक्त एसयू नको.’ हा नियम नव्हे, विनंती आहे. माणूस एसयूची प्रत दुसऱ्या नावानं काढतो आणि चालवतो. 2019 मध्ये तर खुद्द सुडोतच एक चूक सापडली. ‘कुणाच्याही नावानं चालवा, पण रूटच्या नको’ असा नियम असलेल्यानं युजर आयडी म्हणून वजा एक दिला की आज्ञा रूटच्याच नावानं चालायची. कारण वजा एक म्हणजे कर्नलच्या भाषेत ‘बदल करू नका’, आणि सुडो स्वतः आधीपासून रूट असतो. चूक दुरुस्त झाली, पण ती ज्यांना बाधली ते सगळे वगळून-वगळून नियम लिहिणारे होते. काय चालेल ते लिही. काय चालणार नाही याची यादी कधी पुरी होत नाही.

चौथ्यात शहाणीसुरती माणसं पडतात. तू कुणाला एक स्क्रिप्ट रूटनं चालवायची मुभा दिलीस. स्क्रिप्ट साधी, चार ओळींची. पण ती कुणाच्या मालकीची आहे? त्याच माणसाच्या होम डिरेक्टरीत असेल तर तो पाचवी ओळ लिहील. आणि फाइल रूटची असली तरी डिरेक्टरी त्याची असेल, तर तो तुझी फाइल बाजूला सरकवून त्याच नावाची स्वतःची ठेवील. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण आपण दुसऱ्यांना सांगतो आणि इथे स्वतःच किल्ली घडवून देतो. म्हणून अशा स्क्रिप्टचा मालक रूट, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिचाही मालक रूट, आणि तिच्या वरच्या सगळ्यांचाही.

आणि एक विनोदी खड्डा. वेगवेगळे नियम वेगवेगळ्या छोट्या फाइलींत लिहून सुडोअर्स-डी नावाच्या डिरेक्टरीत ठेवायची चांगली पद्धत आहे. तिथे ज्या फाइलीच्या नावात टिंब असेल ती सुडो वाचतच नाही, मुकाट्यानं सोडतो. आता ऑफिसांत युजरचं नाव काय असतं? नाव, टिंब, आडनाव! एका भल्या माणसानं दोन दिवस डोकं फोडलं होतं की नियम बरोबर आहे, व्हिसुडो तक्रार करत नाही, तरी चालत का नाही. नियम लिहून झाला की त्या माणसाच्या नावानं ‘सुडो, डॅश, एल’ करून काय काय मिळालं ते बघायचं. आपण काय लिहिलं यापेक्षा सुडोला काय कळलं ते महत्त्वाचं. दोन नियम एकाच आज्ञेला लागू पडत असतील तर शेवटचा जिंकतो, हेही तिथेच उमगतं.

पासवर्ड न विचारता चालू देण्याची सवलत, नो-पासवर्ड, ही फक्त यंत्रांसाठी. रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या नेमक्या आज्ञेला दे. माणसाला देऊ नकोस. ‘आजच्या दिवसापुरतं’ म्हणून मागतील. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मी अशी ‘आजच्यापुरती’ ओळ चार वर्षं जुनी झालेली पाहिली आहे, वर टिप्पणी तशीच : उद्या काढणे.

इतकी गुंतागुंत नको वाटली तर ओपनबीएसडीच्या टेड उनांग्स्टनं डूॲज लिहिलं आहे. 2015 च्या 5.8 आवृत्तीत ते सुडोच्या जागी आलं. दोन-तीन ओळींत भागतं. छोट्या मशीनला मला तेच आवडतं, पण तुझ्या ऑफिसात सुडोच असणार.

गटांबद्दल. रेड हॅटवर ‘व्हील’ गटात टाकलं की माणूस सर्वाधिकारी होतो, डेबियनवर ‘सुडो’ गटात. व्हील हा शब्द बड्या धेंडांना इंग्रजीत ‘बिग व्हील’ म्हणतात त्यावरून आला. रिचर्ड स्टॉलमनला ही कल्पनाच पसंत नव्हती, थोड्यांनी सगळ्यांवर सत्ता गाजवू नये म्हणून ग्नूच्या एसयूत त्यानं व्हीलची अट ठेवलीच नाही. त्याच्या प्रयोगशाळेत ते शोभलं असेल. पगाराच्या सर्व्हरवर नको.

गटात माणूस घालायची आज्ञा युजरमॉड. आता ही गोष्ट नीट ऐक. कॅपिटल जी म्हणजे गटांची यादी, आणि त्याआधी स्मॉल ए लावला तरच नवा गट आधीच्या गटांत भर म्हणून जातो. ए विसरलीस तर दिलेला गट सोडून बाकी सगळ्या जादा गटांतून माणूस बाहेर. मी एका बाईंना प्रिंटरच्या गटात घातलं, ए विसरलो. त्या डेटाबेस बघायच्या. त्या क्षणी काहीच झालं नाही, कारण चालू सत्रात जुनेच गट असतात. बदल पुढच्या लॉगिनला लागू होतो. शुक्रवारी दुपारी मी हे केलं, सोमवारी सकाळी त्या लॉगिन झाल्या आणि ओरॅकलला हात लावता येईना. दोन तास सगळे ओरॅकलकडेच संशयानं बघत होते. प्रिंटर मात्र उत्तम चालत होता. तेव्हापासून आधी ‘आयडी’ आज्ञेचा निकाल वहीत उतरवतो, मग बदल करतो, मग पुन्हा ‘आयडी’.

आणि काही गट दिसतात गरीब, पण असतात रूटच. डॉकरचा गट हा त्यातला पहिला. त्या गटातला माणूस मशीनची सगळी डिस्क कंटेनरमध्ये जोडून आत रूट म्हणून बसू शकतो. ‘डिस्क’ नावाच्या गटाचंही तेच. तुझ्या ऑफिसात अख्खी डेव्हलपर टीम डॉकर गटात असणार, पैज लावतो. लगेच भांडू नकोस, आधी यादी काढ.

पासवर्ड किती लांब असावा यावर मी बोलत नाही, तुमच्या ऑफिसात त्याची पोस्टरं लागलेली असतील. सेवांच्या खात्यांना मात्र पासवर्डच नको आणि शेल म्हणून नो-लॉगिन, एवढं बघ.

आता जाणाऱ्या माणसांबद्दल. येणाऱ्याचं खातं काढायला सगळे धावतात, कारण तो दारात उभा असतो. गेलेला माणूस काही स्वतःहून ‘माझं खातं बंद करा’ असं सांगायला येत नाही. 1986 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफ स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटचा फरक शोधायला सांगितलं. शोधता शोधता आधी पत्त्याविना उघडलेलं एक ‘हंटर’ नावाचं खातं निघालं, मग जो वापरकर्ता तिकडे नव्हताच, परदेशी होता, त्याचं खातं कुणीतरी वापरताना दिसलं. आणि हा पाहुणा रूट कसा झाला? ईमॅक्सबरोबर येणारा टपाल हलवणारा प्रोग्रॅम तिथे सेट-यूआयडी रूट करून बसवला होता. धागा अखेर जर्मनीतल्या हॅनोव्हरला पोचला, आणि माहिती केजीबीला विकली जात होती. सगळं उघड झालं ते कुणीतरी पाऊण डॉलरचा हिशेब सोडून दिला नाही म्हणून. ‘द ककूज एग’ हे त्याचं पुस्तक मिळव. माझी प्रत कुणीतरी नेली ती आणलीच नाही.

माणूस गेल्याच्या दिवशी काय करायचं? पासवर्ड लॉक केला म्हणजे झालं असं समजू नकोस. लॉकनं शॅडो फाइलमधल्या पासवर्डच्या आधी उद्गारचिन्ह लागतं, एवढंच. एसएसएचची किल्ली असली तर बहुतेक ठिकाणी तो आपला पूर्वीसारखा आत येतो. खात्याची मुदतच संपवायची, चेज आज्ञेनं कालची तारीख देऊन. मग त्याची चालू सत्रं आणि प्रोसेस बंद कर. क्रॉन बघ, ॲट बघ. त्याची सार्वजनिक किल्ली दुसऱ्या कुणाच्या, विशेषतः सेवांच्या खात्यांत ठेवलेली आहे का ते बघ. ती हमखास असते. आणि कंत्राटी माणूस असेल तर खातं काढतानाच कंत्राटाची शेवटची तारीख मुदत म्हणून टाकून ठेव. यायच्या दिवशी जायची तारीख लिहिणं अशुभ वाटतं, पण नंतर आठवत नाही.

खातं लगेच पुसू मात्र नकोस. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा महिनाभरात सोडून गेला, मी त्याचं खातं पुसलं. त्याच्या फाइली सामायिक डिरेक्टरीत पडून होत्या, आता मालकाच्या जागी नुसता आकडा दिसायला लागला, 1007. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी आली. तिचं खातं काढलं. युजरॲड हा वापरात असलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देतो, आणि सगळ्यात मोठा आकडा तर मीच पुसला होता. तिला मिळाला 1007. त्या मुलाच्या सगळ्या फाइली आपोआप तिच्या झाल्या. त्यात त्यानं कुणा मैत्रिणीला लिहिलेलं पत्रही होतं. बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिला वाटलं मीच ठेवलंय. तेव्हापासून माझ्या मशीनवर गेलेल्या माणसाचं खातं बंद अवस्थेत राहतं आणि त्याचा आकडा त्याच्याबरोबर जातो. बेवारस फाइली शोधायला फाइंडला ‘नो-युजर’ सांगायचं, तिमाहीला एकदा.

आणि 2021 विसरू नकोस. त्या जानेवारीत क्वॉलिस कंपनीच्या लोकांनी सुडोत एक भोक दाखवलं. 2011 च्या जुलैपासून, म्हणजे जवळपास दहा वर्षं, ते तिथेच होतं. सुडोअर्समध्ये नाव नसलेला, काडीचा अधिकार नसलेला कुणीही मशीनवरचा युजर त्यातून रूट होऊ शकत होता. त्या आठवड्यात मी निवृत्त होतो आणि तरी तीन फोन आले. तिन्ही ठिकाणी मी एकच विचारलं : मशीनवर एकूण खाती किती? एकानं मोजून सांगितलं एकशे चाळीस, काम करणारी माणसं अकरा. पॅच तर टाकायचाच, पण बाकीच्या एकशे एकोणतीस दारांचं काय?

बरं, आता हात दुखला. सोमवारची भाषा ठरवून ठेव, साहेबांशी बोलताना ‘तुमची पद्धत चुकीची’ असं म्हणू नकोस. ‘ऑडिटवाले विचारतील’ म्हण. ऑडिटच्या नावानं जे होतं ते माझ्या तीस वर्षांच्या अनुभवानं झालं नाही.

आणि हो, मागच्या दिवाळीत तुझ्या त्या घरच्या जुन्या मशीनवर मी फोटो ठेवायला खातं काढून घेतलं होतं, आठवतंय? तेव्हा तू घाईत मला सुडो गटात घातलंस. परवा सहज बघितलं, अजून आहे. मी आत गेलो, तुझ्या लॉगमध्ये माझं नाव पडलं असेल. फोटो काढून घेतलेत. आज जेवण झाल्यावर ते खातं बंद कर, आणि आकडा कितीचा होता ते वहीत लिहून ठेव.